शीव शोधलं की शिवाजी पार्क

माझ्या ॲपमधे 'शीव' टाइप केलं की शीव सोडून बाकी सगळं आधी यायचं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यायचं, शिवडी यायचं, शिवाजी पार्क यायचं, महाराजांच्या नावाचे जेवढे चौक मी यादीत भरलेत तेवढे ओळीने हजेरी लावून जायचे आणि मग सगळ्यात खाली, अंग चोरून, शीव. माझी मावशी काळाचौकीची, ती बोलताना सायन म्हणते पण टाइप करताना स्टेशनच्या पाटीवर जसं लिहिलंय तसं शीव लिहिते. ती म्हणाली, "अगं मला सायन हॉस्पिटलला जायचंय, शिवजयंतीच्या मिरवणुकीला नाही."

ॲप म्हणजे फार मोठं काही नाहीये. नाव 'उतरा'. मुंबईतली स्टेशनं, बसस्टॉप, नाके, हॉस्पिटलं, थेटरं, मंदिरं यांची एक यादी आहे, नाव टाकलं की जवळचं स्टेशन कुठलं, ईस्टला उतरायचं की वेस्टला आणि पुढे बसने जायचं असेल तर कुठल्या स्टॉपला उतरायचं एवढंच ते सांगतं. बस कुठे पोचली, गाडी किती लेट आहे वगैरे काही नाही, त्यासाठी मोठी मोठी ॲप आहेत आणि ती चांगली चालतात. पण त्यांच्यात मावशीला 'भारतमाताच्या समोर' असं शोधता येत नाही. दिवसभर मी अंधेरीला पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळते, तिथे कोणाला काय शोधायचंय हा प्रश्नच येत नाही, सगळ्यांना पगारच शोधायचा असतो. 'उतरा' हे रात्री जेवणं आवरल्यावरचं काम. वापरणारे म्हणजे घरचे, मावशीकडचे, शेजारचे काका आणि दोनचार मित्रमैत्रिणी.

तर शीवचं काय होत होतं ते सांगते, कारण मराठीत सर्च करायला जाणाऱ्या बऱ्याच जणांना हा खड्डा लागतो. डेटाबेस एसक्यूलाइटचा, त्यात मजकूर शोधायची सोय आहे तिला एफटीएस५ म्हणतात, २०१५ पासून आहे, फुकट आहे आणि खरंच उत्तम आहे. ती आधी प्रत्येक नावाचे शब्द पाडते. शब्द कुठे संपला हे ठरवायला ती युनिकोडमधली, म्हणजे जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला नंबर देणाऱ्या यादीतली, वर्गवारी बघते: अक्षरं आणि आकडे हे शब्दाचा भाग, बाकी सगळं म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा. इंग्रजीला हे पुरतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्ह हे युनिकोडच्या हिशेबात अक्षर नाहीत, ते 'मार्क' नावाच्या वेगळ्या वर्गात बसतात, म्हणजे काहीच सांगितलं नाही तर प्रत्येक वेलांटीपाशी शब्द तुटतो. शीव म्हणजे श आणि व. शिवाजी म्हणजे श, व आणि ज. वांद्रे म्हणजे व, द, र. मग श च्या मागोमाग व आला की सापडलं, असा सगळा मामला. आणि रिझल्ट तेव्हा नुसते अकारविल्हे लावलेले होते, ऱ्हस्व दीर्घाच्या आधी येतो, म्हणून शीव बिचारं शेवटी. परळ, पवई, मढ ही नावं मात्र अख्खी राहतात कारण त्यांच्यात काना-मात्रा काहीच नाही, त्यामुळे परळला जाणाऱ्या माणसाला यातलं काही कळतसुद्धा नाही.

दुरुस्ती एका ओळीची. टेबल बनवताना सांगायचं की बाबा मार्कचे दोन वर्ग, एमएन आणि एमसी, हेही शब्दातच धर. धरलं. शीव टाइप केलं, शीव आलं.

आणि दुसऱ्या दिवशी काका म्हणाले विक्रोळी सापडत नाही. म्हणजे त्यांना सापडत नाही. काकांनी 'विक्रोळि' असं लिहिलं होतं, शेवटची वेलांटी पहिली, ते कायम तसंच लिहितात. आधी वेलांट्या सगळ्या गळून पडत होत्या तेव्हा पहिली काय दुसरी काय, व क र ळ जुळलं की काम झालं. म्हणजे ज्याला मी बिघाड म्हणत होते तो काकांसाठी इतके दिवस शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालत होता, आणि मी तो नीट केल्याबरोबर त्यांचं ॲप बिघडलं. कोड साफ करताना ही गोष्ट सगळ्यात जास्त घाबरवते. तुम्हाला वाटतं तुम्ही कचरा काढताय आणि त्या कचऱ्यावर कोणीतरी पाय देऊन उभं असतं.

म्हणून पुढचं काहीही करायच्या आधी मी यादी केली. घरच्यांना विचारून, त्यांनी ॲपमधे जे जे टाइप केलं ते साठवायला सुरुवात केली. नुसते शब्द, कोणी लिहिलं ते नाही (याचा पुढे त्रास झाला, सांगते). प्रत्येक शब्दापुढे, यावर कुठली जागा वरती यायला हवी ते मी हाताने लिहिलं. विक्रोळि, विक्रोळी स्टेशन. सायन हॉस्पिटल, लोकमान्य टिळक रुग्णालय. पार्ल्याला, विलेपार्ले. ही फाइल म्हणजे टेस्ट. कोडमधे काहीही हलवलं की ती चालवायची, एखादी ओळ जरी लाल झाली तरी थांबायचं. ऑफिसमधे टेस्ट लिहायचा मला कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू, पण ही फाइल वाचायला जाम मजा येते, कारण ती सगळी माणसं बोलतायत असं वाटतं. 'हिंदमाता पाणी'. 'राणीच्या बागेत'. 'केईएमच्या मागचं गेट'. 'टीटी'.

आता कोडबद्दल. 'शोधा' नावाचं एक फंक्शन होतं आणि ते वाढत वाढत एवढं झालं होतं की स्क्रोल करता करता चहा निवेल. कोणी काही सापडत नाही म्हणालं की त्यात एक 'जर' वाढायचा. जर शब्द 'शिव' किंवा 'शीव' एवढाच असेल तर शीव वरती आण. जर 'टीटी' असेल तर दादर ईस्ट. जर शेवटी 'ला' असेल तर तो काढ. जर 'ला' काढल्यावर दोनच अक्षरं उरली तर परत लाव. एकाच्या खाली एक, आणि क्रम बदलला की वेगळंच काहीतरी चालू व्हायचं. एका ठिकाणी कॉमेंट होती, 'मावशीसाठी, काढू नये'. कशासाठी ते लिहिलेलं नाही.

असा कोड सुधारायचा म्हणजे लोक आधी फंक्शनचे तुकडे करतात, छोटी छोटी नावं देतात, मीही तेच सुरू केलं आणि दोन संध्याकाळी असे सुंदर छोटे तुकडे झाल्यावर लक्षात यायला लागलं की तुकडे छोटे झालेत पण वाचून काहीच कळत नाहीये. मग मी उलट गेले. प्रत्येक 'जर' समोर घेऊन एकच प्रश्न विचारला, की ही गोष्ट तुला कोणी सांगितली. मुंबई न बघितलेल्या पण मराठी येणाऱ्या माणसाला ही गोष्ट आपोआप कळली असती का? कळली असती तर तो नियम. नसती कळली तर ती आठवण, कोणाची तरी. नियम कोडमधे राहतील, आठवणींनी कोडमधून बाहेर पडायचं. बस, एवढीच फूटपट्टी. आणि काही 'जर' असे निघाले की ते ना नियम ना आठवण, दुसऱ्या कुठल्यातरी 'जर'ची घाण झाकायला बसवलेले, त्यातला शीववाला पहिला. शब्द नीट पाडायला लागल्यावर त्याचं काही कामच उरलं नव्हतं. तो डिलीट करताना जे सुख झालं ना, ते फ्रीज साफ करून झाल्यावर होतं तसं.

नियमांमधे पहिला ढीग लिपीचा. यातला माझा लाडका नियम परसवर्णाचा, शाळेत बाईंनी घोकून घेतलेला. अनुस्वाराच्या पुढे ज्या वर्गातलं अक्षर असेल त्या वर्गातलं अनुनासिक. म्हणजे वान्द्रे आणि वांद्रे एकच, अन्धेरी आणि अंधेरी एकच, भाण्डुप आणि भांडुप एकच. कोडमधे पाच वर्ग, पाच ओळी, संपलं. इतकं नीटनेटकं काही लिहायला मिळालं की वाटतं व्याकरण लिहिणाऱ्यांना प्रोग्रॅमिंग यायचंच.

आणि मग येतं अँटॉप हिल. हा 'ॲ' जो आपण लिहितो ना, तो अख्खा एक अक्षर म्हणून युनिकोडमधे २००८ मधे आला. त्याच्या आधीपासून लोक तो जोडून लिहित होते, अ आणि त्याच्यावर चंद्र, आणि काही कीबोर्ड या दोघांच्या मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात कारण त्याशिवाय काही ठिकाणी ते नीट दिसायचं नाही. म्हणजे स्क्रीनवर अगदी सारखा दिसणारा ॲ आत तीन तऱ्हांनी असू शकतो, आणि युनिकोडची अधिकृत एकसारखं करायची पद्धत आहे ती या तिघांना एक करत नाही, ते आपलं आपणच करायचं. चौथ्या तऱ्हेने लिहिणारे नुसता चंद्रबिंदू देऊन अँ लिहितात. माझ्या यादीत अँटॉप हिल दोनदा होतं आणि मी दोन्ही ओळींकडे बघत बसलेले, की हे दोन का आहेत, एकच तर आहे. ते न दिसणारं चिन्ह वर म्हटलेल्या एफटीएसच्या दृष्टीने अजूनही शब्द तोडणारंच आहे, त्यामुळे मजकूर आत जायच्या आधीच ते उचलून फेकावं लागतं.

मग गांव. गोरेगांव, माझगांव, नायगांव. हा डोक्यावरचा न बोलायचा अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी काढून टाकला, पण दुकानांच्या पाट्यांवर आणि मनांत (बघा, मीही दिला) तो अजून आहे. माझं म्हणणं असं की सर्चने शुद्धलेखन तपासायला बसू नये. तेव्हा शोधण्यापुरतं म्हणून प्रत्येक नावाचं एक सैल रूप करायचं: सगळ्या वेलांट्या दुसऱ्या, सगळे उकार दुसरे, अनुस्वार गायब, ळ चा ल. शेवटचं अशासाठी की वरली, भायखला असं लिहिणारे ऑफिसातले मित्रमैत्रिणी आहेत आणि बोलून टाइप करणाऱ्या मावशीचा फोनसुद्धा मधेच हिंदी होतो. मूळ नाव एका कॉलममधे, सैल रूप दुसऱ्यात. आधी मूळ बघायचं, तिथे जुळलं तर ते वर, नाहीतर सैल.

असं सैल करत गेलं की धोका हा की दोन वेगळी नावं एक होऊन बसतात. पण इथे एक सोय आहे जी गूगलला नाही. त्यांना जगातलं काहीही शोधायचं असतं, माझी यादी बंद आहे. नवा नियम लावायच्या आधी मी तो सगळ्या नावांवर चालवून बघते, कोणती नावं एकमेकांवर आदळतात ते छापते आणि आदळलेल्या जोड्या वाचते. वाचून होण्यासारख्या असतात. छोट्या प्रोजेक्टचा हा फायदा फार कोणी बोलत नाही, सगळे मोठ्यांची नक्कल करायला जातात. स्पीडचंही तेच, सर्च म्हटलं की लोक स्पीड बोलतात, माझी यादी एवढीशी आहे की दर वेळी वरपासून खालपर्यंत वाचली तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत होईल.

आकड्यांचं पटकन सांगते: सात रस्ता कोणी '७ रस्ता' लिहितं, कोणी इंग्रजी सात लिहितं. आकडे एका लिपीत आणायचे, सातला ७ जोडायचा, झालं.

व्याकरणाचा ढीग मात्र पुरला. माणसं 'वांद्रे' शोधत नाहीत, 'वांद्र्याला' शोधतात. ठाण्याहून, कुर्ल्याला, भायखळ्यात, पार्ल्यापर्यंत. जुन्या कोडमधे शेवटचे प्रत्यय छाटायचा प्रकार होता, इंग्रजीत असं छाटणारा एक प्रसिद्ध प्रोग्रॅम मार्टिन पोर्टर यांचा, १९८० चा, अजून वापरतात. पण मुंबईच्या नावांना कात्री लावून बघा. कुर्ला मधला 'ला' उडाला की कुर् उरतं. सात रस्ता मधला 'त' उडाला की सा रस्ता. हे वाचवायला अपवाद, अपवादांना अपवाद, ते सगळे 'जर' तिथून आलेले.

यातून सुटका झाली ती दिशा बदलल्यावर. माणसाने काय लिहिलंय ते कापायचंच नाही. नावं आपल्याकडे आहेत ना सगळी, तर प्रत्येक नावाचं सामान्यरूप आपणच करायचं आणि त्याला ला, हून, त, वरून, पर्यंत, जवळ, समोर लावून सगळी रूपं आधीच तिसऱ्या कॉलममधे भरून ठेवायची. आ ने आणि ए ने संपणाऱ्यांचं 'या' होतं: वडाळा, वडाळ्याला, ठाणे, ठाण्याला. दादर, मुलुंड, घाटकोपर यांना काही करायला लागत नाही. अंधेरी, धारावी, वरळी तशाच राहतात. तेवढ्यात मुंबईतला बहुतेक भाग आवरतो. न आवरणारी नावं असतातच, 'राणीची बाग' घ्या, तिथे दोन्ही शब्द हलतात, राणीच्या बागेत, आणि वर तिचं पाटीवरचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ते कोणी टाइप करताना मी तरी बघितलेलं नाही.

आणि इथून आठवणी सुरू होतात.

दादर टीटी. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. माझी आई तेव्हा शाळेतही जात नव्हती. ट्राम गेली, रूळ गेले, सर्कलचं नाव खोदादाद सर्कल, आणि मी स्वतः टॅक्सीवाल्याला टीटी सांगते आणि तो टॅक्सीवाला, जो परवा कुठूनतरी आलेला असतो, तो बरोबर तिथे नेतो. हे कुठल्या नियमात बसवणार? व्हीटीचं १९९६ मधे सीएसटी झालं, २०१७ मधे त्यात महाराज आले, तरी मावशीची व्हीटी ती व्हीटीच. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ पासून प्रभादेवी. तुळशी पाइप रोड म्हणजे सेनापती बापट मार्ग, डिलाइल रोड म्हणजे ना. म. जोशी मार्ग, लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आणि कॉलेजात असताना पहिल्या कम्प्युटरची रॅम मी लॅमिंग्टनला घेतली होती, भडकमकर मार्गावर घेतली असं म्हणाले तर माझ्या भावालासुद्धा कळणार नाही. शिवाय थेटरं. हिंदमाता, भारतमाता, प्लाझा, चित्रा, ही सिनेमाची नावं कमी आणि पत्ते जास्त. पावसाळ्यात टीव्हीवर हिंदमाता म्हटलं की सिनेमा कुठला लागलाय असं कोणी विचारत नाही.

'शोधा' फंक्शनमधल्या त्या 'जर'च्या जंगलात निम्म्याहून जास्त हे निघालं. ही माहिती होती आणि ती प्रोग्रॅमच्या पोटात गाडलेली होती, म्हणजे मावशीला एखादं नाव सुचलं तर मला लॅपटॉप उघडून कोड बदलून नवीन ॲप पाठवायला लागायचं. आता एक साधी फाइल आहे. डावीकडे लोक म्हणतात ते, मधे यादीतलं नाव, उजवीकडे माहीत असेल तर वर्ष. वर्षाच्या कॉलमचा सर्चला काडीचा उपयोग नाहीये, तरी ठेवलाय, आणि फाइल उघडली की मी आधी तोच वाचते. 'मावशीसाठी, काढू नये' हे पण उलगडलं: 'बावला' असं काहीतरी होतं. बावला कंपाउंड, तिच्या माहेरच्या बाजूचं. यादीत ते नव्हतंच, म्हणून त्या 'जर'मधे ते सरळ लालबागला पाठवलं होतं. गेलं फाइलमधे.

एक गोष्ट मी पहिल्यापासून पक्की ठरवलेली, की कोणी व्हीटी टाइप केलं तर ॲपने 'तुम्हाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणायचं आहे का' असं विचारायचं नाही. नावं बदलायची की नाही यावर माझी मतं आहेत आणि घरात प्रत्येकाची वेगळी आहेत, गणपतीत यावरून जेवणाची पानं थंड झालेली आहेत. पण उतरायचं कुठे हे विचारणाऱ्याला मधेच दुरुस्त करणं हा आगाऊपणा. पाटीवरचं नाव मोठं दाखवायचं, कारण गाडीतून उतरताना पाटी वाचावी लागते, आणि खाली बारीक अक्षरात त्याने लिहिलेलं. मावशी म्हणते तसं, "मला माहितीये मला कुठे जायचंय, तुझ्या मशीनला माहीत नाही."

क्रम लावायचं थोडं राहिलं. अकारविल्हे तर काढून टाकलं आणि एफटीएसमधे बीएम२५ नावाची मोजणी आयती आहे ती लावली. बीएम म्हणजे बेस्ट मॅच, बेस्टच्या स्टॉपांसाठी अगदी योग्य. हिच्या मुळाशी एक फार साधी कल्पना आहे, केरन स्पार्क जोन्स या बाईंनी १९७२ मधे मांडलेली: जो शब्द सगळीकडे सापडतो त्याला कमी किंमत द्या, जो क्वचित सापडतो त्याला जास्त. माझ्या यादीत नाका, मार्ग, रोड, चौक, स्टेशन, नगर यांचा नुसता पूर आहे, त्यामुळे 'चेंबूर नाका' म्हटल्यावर चेंबूरला वजन आणि नाक्याला जवळजवळ नाही, हे मी न सांगता होतं. कॉलमांना वेगवेगळं वजन देता येतं म्हणून मूळ नावाला भारी, सैल रूपाला हलकं. एक गंमत, एफटीएस५ मधे हे गुण निगेटिव्ह येतात, जितकं चांगलं जुळलं तितका आकडा शून्याच्या खाली, म्हणजे चढत्या क्रमाने लावलं की चांगलं आपोआप वर. पहिल्यांदा बघून मी उताणी पडले होते.

पण गांधी नगर किंवा हनुमान मंदिर शोधलं तर बीएम२५ तरी काय करणार, सगळ्यांना सारखेच गुण. तिथे मी हात टेकले आणि प्रत्येक नावापुढे विभाग लिहून सगळी दाखवते, ज्याचं त्याने ओळखावं. आणि अर्धवट टाइप करत असताना, म्हणजे 'शिव' पर्यंत आल्यावर, शिवडी, शिवाजी पार्क आणि शीव तिघंही येतात आणि ते बरोबरच आहे. अजून त्याने ठरवलेलं नाही.

'शोधा' आता एका स्क्रीनवर मावतं. लिपी सारखी कर, तिन्ही कॉलम बघ, फाइलमधली टोपणनावं बघ, वजनाने लाव. वाचून झोप येते, म्हणजे बरं झालंय.

नवीन नावांचं मात्र मजेशीर चाललंय. मार्च २०२४ मधे राज्य मंत्रिमंडळाने लोकलच्या काही स्टेशनांची नावं बदलायला मंजुरी दिली, त्यात करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी. मावशीला तिच्या काळाचौकीचं स्टेशन होणार म्हणून आनंद झाला आणि लगेच म्हणाली, पण मी कॉटन ग्रीनच म्हणणार. भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरमधे कफ परेडपर्यंत पूर्ण उघडली, तिच्यातल्या स्टेशनांत आचार्य अत्रे चौक आहे, हुतात्मा चौक आहे, जे आमच्या घरात फाउंटन आहे. त्या नावांपुढची डावी बाजू मी रिकामी ठेवलीये. लोक त्यांना काय म्हणणार ते अजून ठरायचंय, न सापडलेल्या शब्दांच्या यादीवर लक्ष ठेवून आहे.

ती टोपणनावांची फाइल मी घरच्यांना शेअर केली, की तुम्हीच भरा. पहिल्या आठवड्यात बरीच चांगली नावं आली. मग मावसभावाने एक ओळ टाकली: 'मामाचं घर', मुलुंड चेक नाका. आधी मी काढणार होते, मग माझ्या फूटपट्टीला लावून बघितली, तर मुंबई न बघितलेल्याला कळणार नाही, म्हणजे आठवण, म्हणजे फाइलमधेच. ठेवली. दोन दिवसांनी काकांच्या मुलीने त्याच नावाने दुसरी ओळ टाकली, तिचा मामा दहिसरला. आता 'मामाचं घर' शोधलं की दोन्ही येतात, बीएम२५ दोघांना सारखेच गुण देतं, आणि कोण शोधतंय हे मी साठवत नाही असं सगळ्यांना छातीठोकपणे सांगून बसलेय. टेबलमधे 'कोणाचं' असा एक कॉलम लागणार. मावसभावाचं म्हणणं कॉलम कशाला, मुलुंड आधी टाकलंय ते वर ठेव.